कोरीव तबलीच्या गिटारी

मेबेल कार्टर या अमेरिकी लोकगायिकेनं १९२८ साली २७५ डॉलर मोजून गिब्सन कंपनीची एल-५ ही आर्चटॉप गिटार विकत घेतली. तीच गिटार २००४ मध्ये पुन्हा विक्रीला निघाली तेव्हा सांगितलेली किंमत होती ५ लाख ७५ हजार डॉलर. एका दात्याच्या देणगीमुळे ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये राहिली. एवढ्या किमतीत मेबेलच्या नावाचा वाटा मोठा, हे उघड आहे. पण जिच्यामागे कुठलंही नाव नाही अशी जुनी आर्चटॉप गिटारही जाणकार शोधत फिरतात. त्याचं कारण तिच्या लाकडात आहे.

नेहमीच्या गिटारची तबली, म्हणजे समोरची फळी, सपाट असते, तारांना आधार देणारी घोडी तबलीला चिकटवलेली असते आणि तारा घोडीतच अडकवलेल्या असतात. आर्चटॉपची तबली व्हायोलिनसारखी मधे फुगीर. स्प्रूसच्या जाड फळीतून ती कोरून काढतात. मध्यभागी जाड, कडेकडे पातळ होत गेलेली. पाठ सहसा मेपलची, उत्तम गिटारींत तीही कोरलेली. घोडी नुसती ठेवलेली असते आणि तारांच्या दाबानंच उभी राहते. तारा तिच्यावरून पुढे जाऊन शेवटी धातूच्या टेलपीसला अडकतात. त्यामुळे तारा तबलीला खाली दाबत राहतात. आवाज खणखणीत उठतो आणि लवकर विरतो. एकट्यानं हळुवार वाजवणाऱ्याला ही उणीव वाटेल. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत मात्र हाच आवाज टिकून राहतो. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये निधन होईपर्यंत, जवळपास पन्नास वर्षं, दर मात्रेला एक आघात देत आला. बहुतेक सगळं विजेच्या मदतीशिवाय, आणि एकलवादन जवळजवळ नाहीच. या वाद्याचं खरं काम त्याच्याइतकं कुणी ओळखलं असेल असं मला वाटत नाही.

गिटार-मँडोलिनची तबली कोरण्याची कल्पना मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या ऑर्विल गिब्सनची. १८९८ मध्ये त्याला मँडोलिनचं पेटंट मिळालं, १९०२ मध्ये कंपनी उभी राहिली. १९२२ मध्ये कंपनीचा अभियंता लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली एल-५ आली आणि गिब्सनच्या गिटारला गोल छिद्राऐवजी प्रथमच एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रं मिळाली. लोअरच्या सहीचं लेबल असलेली एल-५ आज संग्राहकांचं स्वप्न आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिको १९३२ पासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत छोट्याशा दुकानात गिटारी घडवत होता. त्यांची संख्या भरते ११६४. पण १९३६ मध्ये गिब्सननं विजेची ईएस-१५० बाजारात आणली आणि मोठ्या आवाजासाठी लाकूड कोरण्याची निकड संपत गेली.

१९३४ मध्ये गिब्सननं आणलेल्या भव्य सुपर-४०० चं नाव तिच्या ४०० डॉलर किमतीवरून पडलं. तिच्याशी आपलं नातं आहे. पंडित ब्रिजभूषण काब्रा हिंदुस्थानी राग वाजवत ते हीच गिटार बदलून घेऊन, मांडीवर आडवी ठेवून. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी काब्रांची गिटार ऐकली आहे. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेचा सांगाडाही आर्चटॉपचाच.

जुनी आर्चटॉप घ्यायला निघालात तर आधी एफ-छिद्राची कड निरखा. तिथे लाकडाचे थर दिसले तर तबली प्लायची, दाबून वाकवलेली. रेषा अखंड वरून खाली गेली असेल तर कोरीव. मग घोडीखाली तबली खचली आहे का, मान पुढे झुकली आहे का, आतल्या पट्ट्या सुटल्या आहेत का, ते पाहा. गिटारीच्या कडांना वा तबलीवर लावलेलं जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की त्याच्या वाफांनी शेजारचा धातूही गंजतो. पुन्हा पॉलिश केलेल्या गिटारची किंमत खूप उतरते, तेव्हा घेतल्यावर तो मोह टाळा. तारा एकेक करूनच बदला, सगळ्या एकदम काढल्या तर घोडी निसटते. एल-५ परवडत नसेल तर गिब्सनची एल-७ किंवा एपिफोनची ट्रायम्फ पाहा. तबल्या कोरीवच, किंमत पुष्कळ कमी. आणि परदेशातून मागवणार असाल तर मानेवरच्या, बोटं ठेवायच्या पट्टीचं लाकूड कोणतं ते विचारा. ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. परवान्याचे कागद हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.