धुतल्यावर जे उरतं

रक्तपेढीत एलायझा चाचणीचं काम पाहताना सगळ्यात आधी नजरेत भरतं ते धुणं. 96 खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, तीत रक्तदात्यांचा सीरम, आणि टप्प्याटप्प्याला वॉश बफर. दर वेळी पाच-सहा वेळा धुणं. मग तंत्रज्ञ बाई प्लेट उलटी करतात आणि टिपकागदावर ठकठक आपटतात.

एवढी काळजी कशाला, हे कॉन्जुगेटच्या बाटलीकडे पाहिल्यावर कळतं. तिच्यातल्या प्रतिपिंडांना हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, म्हणजेच एचआरपी, जोडलेलं असतं. युरोपात ज्याचा झणझणीत कीस मांसाबरोबर खातात, त्या मोहरीच्या कुळातल्या झाडाच्या मुळातलं हे विकर. वजन सुमारे 44 हजार डाल्टन, आणि गाभ्यात लोह धरून बसलेलं हीम, हिमोग्लोबिनात असतं तसंच. शुद्ध विकराची पूड त्यामुळेच तांबूस-तपकिरी दिसते.

हिपॅटायटिस बीच्या चाचणीत विषाणूचं प्रतिजन सीरममध्ये असेल तरच कॉन्जुगेट खळग्याला धरून राहतं. पुढचं काम हीमचं. हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन नेतं. हीम ते टीएमबी या रसायनाच्या रेणूंकडून एकेक करून भरून काढतं, पूर्ववत होतं आणि पुन्हा कामाला लागतं. टीएमबी निळं पडतं. विकराचा एकच रेणू हे चक्र असंख्य वेळा फिरवतो, म्हणून नजरेला न दिसणारं प्रतिजन अर्ध्या तासात डोळ्यांना दिसू लागतं. पण धुण्यातून सुटलेलं विकरही तितक्याच इमानानं रंग देतं. चाचणीचा भरवसा महागड्या यंत्राइतकाच त्या धुणाऱ्या हातांवर आहे, असं माझं ठाम मत आहे.

उलट धोकाही आहे. बफर नासू नये म्हणून प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं सोडियम अझाइड एचआरपीला निकामी करतं. पेरॉक्साइडचा अतिरेकही त्याला मारतो. अशा वेळी खळगा पांढराच राहतो, आणि रक्तपेढीत खोट्या निळ्यापेक्षा खोटा पांढरा कितीतरी घातक.

प्रतिपिंडाला हे विकर जोडून पेशींमधली प्रथिनं दाखवण्याची वाट 1966 मध्ये पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी घालून दिली. पॅथॉलॉजीत आजही हेच विकर डीएबी या रसायनाचा तपकिरी साका जागच्या जागी बसवतं. प्रथिनं ओळखण्याच्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत ल्युमिनॉल या रसायनाला उजळवतं.

रक्तपेढीतल्या प्लेटमध्ये मात्र सल्फ्युरिक आम्ल पडताच निळ्याचा पिवळा होतो आणि रीडर 450 नॅनोमीटरवर आकडे देतो. कटऑफच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेलेला नमुना पुन्हा लावतात. तोवर त्या दात्याची पिशवी वेगळ्या फ्रीजमध्येच राहते.