किलोच्या ढिगातले नग

भंगारात आलेल्या गाडीचे दोन हिशेब होतात. जे अजून चालू शकते ते नगावर जाते: इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो, एखादा धड दरवाजा. बाकीचे किलोवर: पत्रा वेगळा, बीड वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, वायरीतले तांबे वेगळे. या दोन ढिगांच्या मधे काही वस्तू पडून राहतात. बोनेटवरचा मोनोग्राम, गिअरचा गोळा, ॲश-ट्रेचे झाकण, डॅशबोर्डवरची विक्रेत्याची पाटी, किल्लीचा पितळी बिल्ला. पार्ट म्हणून त्यांना गिऱ्हाईक नाही आणि धातू म्हणून वजन नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन नेमक्या याच वस्तू शोधतात आणि डब्याडब्यांत जपतात. इंग्लंडमध्ये ब्यूलीला १९६७पासून अशा जुन्या सामानाचा मोठा बाजार भरतो. आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार सगळ्यांना ठाऊक असतो, पण नागपूरच्या भंगाराकडे या नजरेने फारसे कोणी पाहिलेले नाही.

खरे तर पाहायला हवे, कारण हे शहर रस्त्यांच्या चौकात वसले आहे. कोलकात्याकडे जाणारा जुना ६ क्रमांकाचा आणि कन्याकुमारीकडे जाणारा जुना ७ क्रमांकाचा महामार्ग, म्हणजे आजचे ५३ आणि ४४, इथे एकमेकांना छेदतात. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या आसपास आणि अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला गॅरेजवाले, बॉडी बांधणारे आणि जुने पार्ट विकणारे बसले ते या वाहतुकीमुळेच. देशभरच्या गाड्या इथून जातात, काही इथेच बिघडतात आणि त्यांतल्या काहींचा प्रवास इथेच थांबतो.

ट्रकांचेच पाहा. टाटांनी १९५४मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तेव्हा त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी इंग्रजी ‘टी’ अक्षर आले. म्हणून जुन्या टाटाच्या जाळीवरून निघालेला तारा हा पंधरा वर्षांच्या एका काळाचा शिक्का आहे. ‘फार्गो’ आणि ‘डॉज’ या नावांच्या पाट्याही तशाच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात हे ट्रक बांधले. त्याच कारखान्यातली मोटार आधी फियाट ११०० होती, १९६४पासून ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, मग ‘पद्मिनी’. आकार जवळपास तोच राहिला, नावे बदलत गेली. परवान्यांच्या त्या काळात नवे मॉडेल काढणे सोपे नव्हते, तेव्हा बदल कुठे झाला हे बघायला डिक्कीवरची अक्षरेच वाचावी लागतात. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्यात ॲम्बेसेडर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत बनत राहिली. तिचे मार्क वन, टू, थ्री असे वय सांगायला समोरची जाळी आणि बिल्ले हाच सोपा पुरावा.

नागपूरच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. हे शहर जागचे न हलता चार कारभारांखाली राहिले. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, १९५०नंतर मध्य प्रदेशाची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्राची उपराजधानी. एखाद्या जुन्या घराण्याची मोटार या सगळ्यातून गेली असेल, तर तिच्यात सापडणारे कर भरल्याचे टोकन, परवान्याचे पाकीट, पेट्रोलची पावती यांच्यावरचे छापील शीर्षक बदललेले दिसते. इतिहासाच्या पुस्तकात हे बदल एका ओळीत येतात. मागच्या सीटखाली ते कागदाच्या तुकड्यावर असतात, शेजारी १९५७ ते १९६४च्या दरम्यानचे, ‘नया पैसा’ लिहिलेले एखादे नाणेही असते. माझ्या दृष्टीने सगळ्या मोनोग्रामांपेक्षा हा ऐवज मोठा आहे आणि सगळ्यात आधी तोच फेकला जातो.

वस्तू काढणे हे हातकसबाचे काम आहे. त्या काळचे बहुतेक मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे, बाजारातल्या भाषेत मझाकचे. वर क्रोमचा मुलामा, मागे दोन-तीन बारीक खुंट्या, त्या पत्र्यातून आरपार आणि आतून क्लिपांनी धरलेल्या. समोरून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले की खुंटी हमखास तुटते, कारण मझाक वाकत नाही, फुटतो. बोनेट उघडून आतून क्लिपांवर गंज सोडवणारे तेल टाकायचे, रात्रभर ठेवायचे आणि मग हलकेच सैल करायचे. धुण्यातही हीच काळजी. घरची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने लखलखतात, पण जस्ताला आंबट चालत नाही, ते विरघळते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, नीट पुसून वर मेणाचा हात एवढेच करावे. क्रोमवर उठलेले फोड घासून जात नाहीत, ते घासूही नयेत. ते त्या गाडीने सोसलेले पावसाळे आहेत.

पण वस्तू काढण्यापेक्षा वही लिहिणे महत्त्वाचे आहे. कोणत्या गाडीतून निघाले, कोणत्या जागेवरून, गाडीचा रंग काय होता, ती कुठून आली, भंगारवाल्याने काय सांगितले, हे लिहून ठेवले नाही तर डबाभर बिल्ले नुसते बिल्ले उरतात. काढण्याआधीचा एक फोटोही पुरतो. बॉडी बांधणाऱ्याची छोटी ॲल्युमिनियमची पाटी असेल तर तिच्यावरचे गाव आणि चार-पाच आकडी दूरध्वनी क्रमांक उतरवून घ्यावेत. त्या कारखान्याची तेवढीच खूण शिल्लक असण्याचा संभव असतो.

काही गोष्टींना हातही लावू नये. नंबरप्लेट आणि चेसिस क्रमांक असलेला तुकडा संग्रहासाठी नाही, कारण चोरीच्या गाडीला दुसरी ओळख देण्यासाठी तेच वापरले जातात. म्हणूनच २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला चेसिस क्रमांकाचा कापलेला भाग सहा महिने ताब्यात ठेवावा लागतो. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे हे धोरण १३ ऑगस्ट २०२१ला जाहीरपणे सुरू झाले, तेव्हा वाहतूक खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार नितीन गडकरी होते. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे वाढवली जात नाही. उपराजधानीच्या कचेऱ्यांतल्या जीपा आणि पांढऱ्या ॲम्बेसेडर या नियमाने रस्त्यावरून गेल्या. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता धोरण योग्यच आहे. पण नव्या पद्धतीत गाडी झपाट्याने कापली जाते, जुन्या वाड्यात वर्षानुवर्षे पडून राहत नाही. निवडायला मिळणारा वेळ आटत चालला आहे.

रेल्वेने हे वेळेत ओळखले. मोतीबागेत, कडबी चौकाजवळ, डिसेंबर २००२मध्ये नॅरोगेजचे संग्रहालय उघडले. तिथे इंजिने आहेतच, शिवाय कंदील, घड्याळे, टोकनाची यंत्रे असे बारीकसारीक सामानही मांडले आहे. रस्त्यावरच्या वाहनांसाठी या शहरात असे एक दालन हवे, मध्यवर्ती संग्रहालयातले एक कपाट मिळाले तरी चालेल. ट्रकचा तारा, डिलाइटची अक्षरे, मध्य प्रांताच्या काळातली पावती आणि शेजारी त्या-त्या वहीचे पान.

तोवर हे नग संग्राहकांच्या हातूनच फिरत राहतात, आणि काही पुन्हा गाडीवर चढतात. २०२१च्याच दुसऱ्या एका नियमाने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. मूळ स्वरूप म्हणजे मोनोग्रामही आला. गाडी दुरुस्त करणाऱ्याला पत्रा ठोकून मिळतो, रंग मिळतो, इंजिनही बांधून मिळते, अडते ते चार बोटांच्या त्या बिल्ल्याशी. १९७४च्या सुमाराच्या पहिल्या पद्मिनींनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे, आणि त्यांची अक्षरे शोधणारे आता भंगाराच्या दुकानांत विचारणा करू लागतील.