५०,४०० मतं, पण मतदार २८८: आकडा वापरण्याआधी काय विचाराल?

राष्ट्रपती निवडणुकीच्या तक्त्यात महाराष्ट्रातल्या आमदारांपुढे ५०,४०० हा आकडा असतो. एवढ्या लोकांनी मत दिलं का? नाही. आपल्या शुक्रवार पेठेतला मतदार राष्ट्रपतीला थेट मत देतच नाही. ते काम निवडून आलेल्या आमदार-खासदारांचं. विधानसभेच्या जागा २८८, प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५. गुणाकार करा, ५०,४०० येतात. म्हणजे आकडा माणसांचा नाही, मूल्याचा आहे.

हे १७५ कुठून आले? राज्यघटनेच्या कलम ५५ प्रमाणे राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांच्या जागा, पुन्हा भागिले १,०००:

५,०४,१२,२३५ ÷ २८८ ÷ १,००० = १७५.०४

थांबा, महाराष्ट्राची लोकसंख्या फक्त पाच कोटी? हो, कारण ती १९७१ च्या जनगणनेची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती गोठवली. ८४ व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, हा त्यामागचा विचार.

याने फरक किती पडतो? आज तमिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६, आपल्यापेक्षा एक जास्त. हेच गणित २०११ च्या लोकसंख्येवर करून बघा: महाराष्ट्र ३९०, तमिळनाडू ३०८. सूत्र तेच, जागा त्याच, फक्त आधारवर्ष बदललं आणि क्रम उलटला. आता ठरवा, ‘कोणत्या राज्याचं मत जास्त वजनदार’ या प्रश्नाला तुमच्या प्रबंधात काय उत्तर लिहाल?

दुसरा सापळा रिकाम्या रकान्याचा. अमेरिकेच्या १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत दक्षिण कॅरोलिना राज्यापुढे जनतेच्या मतांचा रकाना रिकामा सापडतो. लोकांनी बहिष्कार टाकला नव्हता; तिथे अध्यक्ष निवडणारे ८ निर्वाचक राज्याचं विधिमंडळच नेमायचं. त्या रकान्यात तुम्ही शून्य टाकलंत, तर एक्सेल निमूटपणे सरासरी काढून देईल. ती चुकीची असेल, आणि एक्सेल तसं सांगणार नाही.

म्हणून कोणताही आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा:

१. एकक काय? माणसं की मूल्य?
२. आधारवर्ष कोणतं?
३. रिकामं म्हणजे शून्य, की मोजणीच झाली नाही?

उत्तरं तक्त्याखाली तळटीप म्हणून लिहून ठेवा. व्हायवाला हाच प्रश्न येतो.