'जन्मलेला' की 'निर्माण केलेला'? : येशूच्या पुत्रत्वाविषयीचा ख्रिस्ती वाद

प्रस्तावना :

येशू हा देवाचा पुत्र आहे, हे चौथ्या शतकातील वादाच्या दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद होता तो, हा पुत्र देवापासून 'जन्मला' म्हणजे नेमके काय, याविषयी. लौकिक जीवनात पिता आधी आणि पुत्र नंतर असतो. हाच क्रम देवाला लावल्यास पुत्राला आरंभ प्राप्त होतो. आणि ज्याला आरंभ आहे त्याला देव कसे म्हणावे, असा प्रश्न उभा राहतो. या वादाचे स्वरूप व त्यातील शब्दार्थाचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एरियसची भूमिका :

अलेक्झांड्रिया येथील धर्मगुरू एरियस याने इ. स. ३१८ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, अनादी असा केवळ पिताच आहे. पुत्र जन्मला, त्याअर्थी तो नव्हता अशीही एक अवस्था होती. तो सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला तरी निर्मितच आहे. नीतिसूत्रे ८:२२ या वचनाच्या ग्रीक भाषांतरात देवाने ज्ञानाला 'निर्माण केले' असा अर्थ येतो, आणि हे ज्ञान म्हणजे पुत्रच, असे त्या काळी सर्वसाधारणपणे मानले जाई. देवाचे एकत्व अबाधित राखणे हा एरियसचा हेतू होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

विरोधी भूमिका :

बिशप अलेक्झांडर आणि पुढे अॅथनेशियस यांनी जन्म व निर्मिती यांतील भेदावर भर दिला. सुतार मेज घडवतो, ते त्याच्याहून भिन्न स्वरूपाचे असते. पिता मात्र स्वतःच्याच स्वरूपाच्या पुत्राला जन्म देतो. सूर्य आहे तेथे प्रकाश असतोच, त्याप्रमाणे हा जन्म कालातीत आहे. 'अनादी जन्मा'ची ही कल्पना तिसऱ्या शतकात ऑरिजेनने मांडली होती. हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. पुत्र निर्मित असेल तर त्याची उपासना ही निर्मित वस्तूची उपासना ठरते. शिवाय जो स्वतः निर्मित आहे तो इतरांना देवाशी कसा जोडणार, असा अॅथनेशियसचा प्रश्न होता.

गोंधळ वाढवणारी आणखी एक बाब होती. ग्रीक भाषेत 'गेन्नेतोस' म्हणजे जन्मलेला आणि 'गेनेतोस' म्हणजे अस्तित्वात आलेला. या दोन शब्दांत एका 'न'चाच फरक असल्याने ते अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जात.

नायसिया आणि त्यानंतर :

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) येथे परिषद बोलावली. पुत्र जन्मलेला आहे, निर्मित नाही, आणि तो पित्याशी 'होमोऊसिओस' म्हणजे एकतत्त्व आहे, असे परिषदेने ठरवले. तरीही वाद शमला नाही. अॅथनेशियसला पाच वेळा पदच्युत होऊन हद्दपारी भोगावी लागली. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने नायसियाची भूमिका दृढ केली.

आधुनिक काळात चर्चा योहानाच्या लेखनातील 'मोनोगेनेस' या शब्दाभोवती फिरली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचा अर्थ 'एकमेव जन्मलेला' असा होता. विसाव्या शतकातील अनेक भाषांतरांनी 'एकमेव' एवढाच अर्थ ठेवला. इब्री ११:१७ मध्ये हाच शब्द इसहाकाला लावला आहे. अब्राहामाला त्यापूर्वी इश्माएल हा पुत्र झाला होता, म्हणून या शब्दाचा रोख जन्मावर नसून अद्वितीयत्वावर आहे, असा युक्तिवाद केला जातो. उलट चार्ल्स ली आयर्न्स यांनी २०१७ मध्ये जुन्या अर्थाचे पुन्हा समर्थन केले. मराठी बायबलमधील 'एकुलता एक' या शब्दप्रयोगातही एकटेपणा व्यक्त होतो. जन्माचा अर्थ त्यात स्वतंत्रपणे येत नाही.

समारोप :

नायसियाने 'जन्म' हा शब्द टाकला नाही. त्यातील काळ, देह आणि आधी-नंतरचा क्रम तेवढा वगळला. पित्यापासूनचे उद्भवणे व स्वरूपाची एकता हे दोनच अर्थ शिल्लक ठेवले. मानवी व्यवहारातील शब्द देवाला लावताना त्यातील काय घ्यावे आणि काय सोडावे, हा या वादाचा गाभा होय. एरियसचे उत्तर नाकारले गेले. परंतु त्याच्या प्रश्नामुळेच ख्रिस्ती विचाराला आपली परिभाषा काटेकोर करावी लागली.