विश्लेषण : ‘सैराट’ची चोरटी प्रत आणि मनिलाचा न मिळणारा सिनेमा... पायरसीचे प्रश्न दोन, उत्तर एकच कसे?

नाशिकच्या इंदिरानगरमधील एखाद्या चित्रपटवेड्याला या शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट पाहायचा असेल, तर मोबाइलवर दोन मिनिटांत तिकीट मिळते. त्यालाच लिनो ब्रोका या फिलिपिनो दिग्दर्शकाचा पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपट पाहायचा असेल, तर? शहरातल्या थिएटरमध्ये तो लागण्याची शक्यता जवळपास नाही. टेलिग्रामवर मात्र दोन्ही चित्रपट सारख्याच सहजतेने आणि फुकट मिळू शकतात. परवानगीशिवाय पसरवलेली प्रत ही दोन्हीकडे पायरसीच. पण दोन्हीकडे होणारे नुकसान सारखे आहे का?

फिलिपिनो सिनेमाचे एवढे काय?

ब्रोका यांच्या १९७५ मधील चित्रपटाचे मूळ नाव ‘मायनिला, सा म्गा कुको नँग लिवानाग’. प्रेयसीच्या शोधात गावाकडून मनिलात आलेला एक तरुण मच्छीमार इमारतींच्या बांधकामावर मजुरी करतो, त्याची ही गोष्ट. गाव सोडून शहरात आलेली माणसे आपल्याकडेही घरोघरी आहेत, त्यामुळे ती परकी वाटत नाही. ब्रोका यांचाच ‘इन्सियांग’ १९७८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. पुढे ब्रियान्ते मेंडोझा यांना २००९ मध्ये कानमध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये जॅकलिन होझे कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. त्याच वर्षी लाव्ह दियाझ यांच्या पावणेचार तासांच्या चित्रपटाने व्हेनिसचा ‘गोल्डन लायन’ पटकावला. एवढे होऊनही हे चित्रपट आपल्याकडच्या सर्वसाधारण प्रेक्षकापर्यंत पोहोचले नाहीत.

मनिलाच्या बाजारात काय घडले?

मनिलातील कियापो हा चर्चभोवतीचा गजबजलेला बाजार. २००० नंतरच्या दशकात तो चोरट्या डीव्हीडींसाठी ओळखला जाऊ लागला. तिथे हॉलिवूडच्या ताज्या चित्रपटांच्या शेजारी युरोप-आशियातील अभिजात चित्रपटही मिळत. जे चित्रपट देशात कुणी अधिकृतपणे आणलेच नव्हते, ते तिथल्या तरुण रसिकांनी आणि होतकरू दिग्दर्शकांनी याच डीव्हीडींवर पाहिले. सरकारने २००४ मध्ये ऑप्टिकल मीडिया कायदा केला. २०१० मध्ये थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण करण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. कालांतराने डीव्हीडीचा धंदा इंटरनेटवर सरकला.

पण चोरट्या प्रतींनी चित्रपट पाहायला मिळाले, टिकले नाहीत. दाबून लहान केलेल्या फाइलमधून मूळ छायाचित्रणाची प्रत परत उभी करता येत नाही. ‘मायनिला’ २०१३ मध्ये नव्या स्वरूपात पडद्यावर आला तो ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात जपलेल्या मूळ निगेटिव्हमुळे. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’, इटलीतील बोलोन्याची सिनेटेका आणि फिलिपिन्सची चित्रपट विकास परिषद यांनी मिळून ते काम केले. म्हणजे फिलिपिन्सचा एक महत्त्वाचा चित्रपट वाचला, पण त्याची निगेटिव्ह परदेशात होती.

आपल्याकडे नुकसान किती?

ईवाय आणि आयएएमएआय यांच्या ऑक्टोबर २०२४ मधील अहवालानुसार, २०२३ मध्ये भारतातील पायरसीचा आकार २२,४०० कोटी रुपये होता. त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधून चोरलेल्या चित्रपटांचे आणि ८,७०० कोटी ओटीटीवरच्या आशयाचे. ५१ टक्के ग्राहक चोरट्या मार्गाने काही ना काही पाहतात, असेही त्यात म्हटले आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ची चोरटी प्रतही बाहेर आली होती. तरीही तो मराठीत विक्रमी कमाई करणारा चित्रपट ठरला. सगळ्यांचे तसे होत नाही. थिएटरमधली कमाई पहिल्या आठवड्यावर उभी असते. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये ठरलेल्या सूत्रात निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के आणि तिसऱ्यात ३७.५ टक्के असा उतरत जातो. कमी शो मिळालेल्या छोट्या मराठी चित्रपटाची प्रत पहिल्याच शनिवारी मोबाइलवर आली, तर त्याला दुसरा आठवडा मिळणेही अवघड होते.

कायदा काय सांगतो?

सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. थिएटरमध्ये परवानगीशिवाय चित्रीकरण करणे, त्याचा प्रयत्न करणे किंवा चोरट्या प्रतीचे नफ्यासाठी जाहीर प्रदर्शन करणे यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आहे. किमान तीन लाख रुपये आणि कमाल चित्रपटाच्या एकूण निर्मिती खर्चाच्या पाच टक्के एवढा दंडही आहे. तक्रारींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये १२ नोडल अधिकारी नेमण्यात आले. तक्रारीनंतर ४८ तासांत लिंक काढणे अपेक्षित आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा याशिवाय लागू होतोच. त्यामुळे ग्रुपवर फाइल टाकणारा ‘फक्त फॉरवर्ड केले’ म्हणून सुटतोच असे नाही.

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. तोपर्यंत चित्रपट बाजारात उपलब्ध आहे की नाही, यावर गुन्हा ठरत नाही. जुन्या किंवा परदेशी चित्रपटाच्या प्रेक्षकाची अडचण इथेच आहे. त्याच्यासाठी अधिकृत दार अनेकदा नसतेच.

नाशिकचा संबंध काय?

इंदिरानगरपासून काही किलोमीटरवर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ची आज केवळ सुरुवातीची आणि शेवटची रिळे उरली आहेत. तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून ‘कालिया मर्दन’ची रिळे मिळवली, म्हणून तो पाहता येतो. त्यावर आज कॉपीराइट नाही. अडचण होती ती प्रत जपण्याची. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये मंजूर केले. ते चित्रपट प्रेक्षकांपर्यंत किती वेगाने येतात, यावर या खर्चाचा उपयोग ठरेल.

प्रेक्षकाच्या हातात काय?

नव्या चित्रपटाबाबत उत्तर सोपे आहे. तिकीट काढा किंवा तो ओटीटीवर येईपर्यंत थांबा. जुन्या आणि परदेशी चित्रपटांसाठी गोव्याचा इफ्फी, पुण्याचा ‘पिफ’ हे महोत्सव आणि मुबीसारखी सेवा हे मार्ग आहेत. पण महोत्सव वर्षातून एकदाच होतो आणि ओटीटीवरची यादी बदलत राहते. नाशिकसारख्या शहरात फिल्म सोसायटीचे नियमित खेळ झाले, तर ही पोकळी काही प्रमाणात भरू शकते. २०२४ च्या कान महोत्सवात ब्रोका यांचा ‘बोना’ आणि श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हे दोन्ही चित्रपट नव्याने पुनरुज्जीवित होऊन एकाच विभागात दाखवले गेले. त्यानंतर ‘मंथन’ भारतातल्या थिएटरमध्ये पुन्हा लागला आणि तो पाहायला लोकांनी तिकिटे काढली.