शिंका, पराग आणि पाठीचा मणका

अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे राज्य आहे. मक्याच्या शेतीसाठी ते प्रसिद्ध आहे. ऑगस्टचा मध्य आला की तेथे रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर आणि शेतांच्या बांधांवर रॅगवीड नावाचे तण फुलू लागते. त्याची फुले इतकी बारीक व हिरवट असतात की त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण असे एक झाड एका हंगामात शंभर कोटींपर्यंत परागकण वाऱ्यावर सोडू शकते. मग अनेकांना शिंकांवर शिंका येऊ लागतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. पुढे थंडीचा पहिला कडाका पडून दव गोठले की तण मरते आणि शिंकाही थांबतात.

याच राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या डॅव्हनपोर्ट या शहरात, १८९५ साली एका उपचारपद्धतीचा जन्म झाला. तिचे नाव कायरोप्रॅक्टिक. ग्रीक शब्दांपासून बनलेल्या या नावाचा अर्थ 'हाताने केलेले' असा आहे. पाठीचे मणके हाताने दाबून, झटका देऊन 'जागेवर बसवणे' हा तिचा गाभा. मणके बसवले की हंगामी ॲलर्जीही जाते, असे या पद्धतीचे काही उपचारक सांगतात. आणि 'मला गुण आला' असे सांगणारे रुग्णही भेटतात.

विद्यार्थी मित्रांनो, नाक कोठे आणि पाठीचा मणका कोठे, असे तुम्हाला वाटले असेल. पण एखादी गोष्ट विचित्र वाटते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तसेच एखादा रुग्ण बरा झाला एवढ्यावरून ती खरीही ठरत नाही. मग निवाडा करायचा तरी कसा? तेच आपण पाहू या.

शिंकांचे मूळ सापडले

१८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी लंडनमधील वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात या रुग्णाचे डोळे लाल होत, शिंका येत, छाती भरून येई. हा रुग्ण म्हणजे खुद्द बोस्टॉकच होते! वाळल्या गवताच्या वासाने हा विकार होतो असा लोकांचा समज होता. म्हणून त्याला इंग्रजीत 'हे फीव्हर', म्हणजे गवताचा ताप, असे नाव पडले. गंमत अशी की या विकारात ताप येत नाही आणि वाळलेले गवत हे त्याचे कारणही नव्हे.

खरे कारण शोधले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. उष्णता, धूळ, वास, प्रकाश अशी एकेक शंका घेऊन त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. गवताचे पराग नाकात घातले की शिंका सुरू होत. मग हंगाम असो वा नसो. त्वचेवर ओरखडा काढून त्यावर पराग ठेवले की तेथे गांधी उठे. चिकट पदार्थ लावलेल्या काचा उघड्यावर ठेवून ते रोज सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजत. पतंगाला काचा बांधून त्यांनी उंच हवेतले परागही पकडले! हवेतील परागांचा आकडा वाढला की त्रास वाढे, आकडा उतरला की त्रास उतरे. हे सारे त्यांनी १८७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

पहारेकऱ्याची गफलत

पराग तर सर्वांच्याच नाकात जातात. मग शिंका काहींनाच का?

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात प्रतिपिंडे नावाची प्रथिने असतात. काही माणसांचे शरीर निरुपद्रवी परागालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध एका विशिष्ट प्रकारची प्रतिपिंडे तयार करते. या बदललेल्या प्रतिसादाला १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हे नाव दिले. आपल्या बोलीत आपण याला 'वावडे' म्हणतो.

ही प्रतिपिंडे नाकाच्या व डोळ्यांच्या आवरणातील काही पेशींना जाऊन चिकटून बसतात. या पेशींत हिस्टामीन नावाचे रसायन भरलेले असते. पुढच्या खेपेला तोच पराग आला आणि प्रतिपिंडांना भिडला की पेशी आपले रसायन बाहेर सोडतात. काही मिनिटांतच बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आवरण सुजते, पाणी झरू लागते, खाज सुटते आणि शिंका येतात.

रक्ताबरोबर गेलेले वावडे

आता १९२१ सालचा एक अजब प्रयोग ऐका. जर्मनीतील तेव्हाच्या ब्रेस्लाऊ शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्यूस्टनर यांना माशांचे वावडे होते. प्राउस्निट्झ यांना ते नव्हते. प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तेथे लगेच गांध उठली!

या प्रयोगाचा अर्थ नीट लक्षात घ्या. क्यूस्टनर यांच्या पाठीचे मणके त्यांच्याजवळच राहिले होते. दुसऱ्याच्या शरीरात गेला तो रक्तातील द्रव. आणि त्याच्याबरोबर वावडेही गेले. म्हणजे ॲलर्जीचे कारण रक्तातल्या कोणत्या तरी पदार्थात होते. हा पदार्थ कोणता, ते किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत दाखवून दिले. त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. १९६८ साली त्याला 'इम्युनोग्लोब्युलिन ई' हे नाव मिळाले. वर सांगितलेली विशिष्ट प्रतिपिंडे ती हीच. (रक्तावाटे इतर रोग पसरण्याचा धोका असल्याने असा प्रयोग आता माणसांवर करत नाहीत.)

मणक्याची गोष्ट

आता डॅव्हनपोर्टला परत जाऊ. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे चुंबकीय शक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणारे हार्वी लिलार्ड यांना अनेक वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पामर यांनी त्यांच्या पाठीतील वर आलेला मणका दाबला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की सरकलेल्या मणक्यांमुळे चेतातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि शंभरातले पंचाण्णव रोग यातूनच होतात.

येथे दोन अडचणी आहेत. ऐकण्याचा चेतातंतू कानापासून थेट मेंदूकडे, कवटीच्या आतूनच जातो. तो पाठीच्या कण्यातून जातच नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. ब्लॅकली यांनी एकेक शंका तपासून बाजूला सारली. पामर यांनी मोजक्या रुग्णांवरून जवळजवळ सगळ्या रोगांचा निकाल लावला.

पण म्हणून या पद्धतीतले सारेच टाकाऊ मानू नये. कंबरदुखीवर अशा हस्तोपचाराने काहींना थोडाफार आराम पडतो. व्यायामासारख्या इतर उपायांनी पडतो साधारण तितकाच. कंबर दुखणे हा पाठीचाच विकार आहे. हंगामी ॲलर्जीत मात्र चूक होते ती प्रतिपिंडांची, मणक्यांची नव्हे.

मग गुण येतो तो कसा?

'मला गुण आला' म्हणणारे लोक खोटे बोलतात काय? मुळीच नाही. समजा, आयोवातील एका गृहस्थाला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिंकांनी हैराण केले. तो मणके बसवून घ्यायला गेला. आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे उपचार झाले. ऑक्टोबरच्या मध्याला त्याच्या शिंका थांबल्या. श्रेय कोणाचे? मणक्याचे, की रॅगवीडला मारणाऱ्या थंडीचे?

हंगामी विकाराची खोच येथेच आहे. हंगाम सरला की तो आपोआप ओसरतो. शिवाय माणूस उपचाराला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येणारच. जोडीला तो आधीची औषधेही घेत असतो. आणि कोणी आपुलकीने विचारपूस केली, पाठीवरून हात फिरवला, तर बरे वाटतेच.

खोटा उपचार, खरी परीक्षा

यातला उपचाराचा वाटा वेगळा काढायचा तर तुलना हवी. दम्याचा परागज्वराशी जवळचा संबंध आहे; बऱ्याच मुलांना दोन्ही विकार असतात. कॅनडातील संशोधकांनी दम्याच्या मुलांवर अशी एक परीक्षा घेतली आणि १९९८ साली ती प्रसिद्ध केली. तीत ७ ते १६ वर्षांची ९१ मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचे मणके चार महिने पद्धतशीर बसवले. दुसऱ्या गटाला तसाच भासेल असा नकली उपचार दिला. नेहमीची औषधे दोन्ही गटांना चालूच ठेवली.

निकाल काय लागला? मणके बसवलेल्या मुलांचा त्रास कमी झाला! पण थांबा. नकली उपचार घेतलेल्या मुलांचा त्रासही तसाच कमी झाला. दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. दुसरा गट नसता, तर हाच प्रयोग कायरोप्रॅक्टिकचा विजय म्हणून गाजला असता.

तुम्हाला त्रास असेल तर

आपल्याकडे रॅगवीडचा एक भाऊबंद आहे. तो म्हणजे गाजर गवत. अमेरिका खंडातून आलेले हे तण १९५६ साली पुण्यात आढळल्याची नोंद आहे. त्याचे पराग आणि त्याचा स्पर्श, दोन्ही अनेकांना बाधतात. पावसाळ्यात व त्यानंतर फुलणारी गवते, बुरशीची बीजुके आणि अंथरुणातील धुळीचे सूक्ष्म किडे हेही वावड्याला कारण होतात.

दरवर्षी ठराविक दिवसांत शिंका येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. कोणत्या पदार्थाचे वावडे आहे ते त्वचेवर टोचून तपासता येते. ही ब्लॅकली यांच्या ओरखड्याचीच पुढची पायरी. हिस्टामीनला अडवणाऱ्या गोळ्या आणि नाकात मारायचे सूज कमी करणारे फवारे तुलनात्मक परीक्षांत उतरलेले आहेत. परागाचा अर्क थोडाथोडा टोचून शरीराला सवय लावण्याची पद्धत १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी सुरू केली. ती सुधारून आजही वापरतात. छातीत घरघर होत असेल, धाप लागत असेल, तर मात्र एक दिवसही दवडू नका. मानेला झटका देणारे उपचार गंमत म्हणून करून घेऊ नका. त्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणे क्वचित का होईना, नोंदली गेली आहेत.

करून पहा

काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. शाळेच्या गच्चीवर ती आडवी, पावसापासून सुरक्षित अशी चोवीस तास ठेवा. मग शिक्षकांच्या मदतीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गोल, काटेरी, त्रिकोणी असे कण दिसतील. ठराविक जागेतील परागकण मोजा आणि रोज नवी पट्टी ठेवून महिनाभर आकडे लिहा. (ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी पट्ट्या ठेवण्या-काढण्याचे काम करू नये.) त्याच महिन्यात वर्गातील ज्यांना शिंकांचा त्रास आहे त्यांनी आपापल्या शिंकांची रोजची संख्या वेगळ्या वहीत टिपावी. शेवटी दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढा.

मात्र एक पथ्य पाळा. शिंका मोजणाऱ्यांना परागांचा आकडा महिना संपेपर्यंत कळू देऊ नका. असे का, हे तुमचे तुम्हीच सांगा.