बेंगळुरूतील राज्य विद्यापीठे : रचना आणि कारभार

बेंगळुरूच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येईल, हे त्याच्या महाविद्यालयाच्या ठिकाणावर आणि विषयावर अवलंबून असते. 1964 मध्ये म्हैसूर विद्यापीठापासून वेगळे झालेले बेंगळुरू विद्यापीठ सेंट्रल कॉलेज आणि अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन जुन्या संस्थांच्या पायावर उभे राहिले. पुढे 1996 मध्ये आरोग्य विज्ञानासाठी आणि 1998 मध्ये बेळगाव येथे तंत्रशिक्षणासाठी स्वतंत्र विद्यापीठे झाली. तरीही उरलेल्या महाविद्यालयांचा भार मोठाच होता. अखेर 2017 मध्ये त्रिभाजन प्रत्यक्षात आले. ज्ञानभारती परिसरातील मूळ विद्यापीठाखेरीज सेंट्रल कॉलेजच्या आवारात एक आणि कोलार येथे मुख्यालय असलेले दुसरे, अशी दोन नवी विद्यापीठे सुरू झाली.

या तिन्हींचा कारभार कर्नाटक राज्य विद्यापीठे अधिनियम, 2000 नुसार चालतो. राज्यपाल हे कुलपती, तर उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती असतात. महाराष्ट्रातील व्यवस्थापन परिषदेचे काम येथे सिंडिकेट करते. अभ्यासक्रमाचे विषय अभ्यास मंडळे व विद्या परिषदेकडे असतात. कुलसचिव मात्र दोन असतात, एक प्रशासनासाठी आणि एक मूल्यमापनासाठी. ही विभागणी शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात परीक्षा हेच सर्वांत मोठे काम असते.

खरी कळ आहे ती कुलगुरूंच्या निवडीत. शोध समितीवर कुलपती, विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य शासन आणि सिंडिकेट यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असतो. समिती तीन नावे सुचवते आणि त्यांपैकी एकाची कुलपती चार वर्षांसाठी नियुक्ती करतात. मात्र राज्य शासनाच्या सहमतीने. अधिनियमातील हा एक शब्द राजभवन आणि मंत्रालय यांना एकत्र बांधतो. निवडून आलेल्या शासनाचा शब्द त्यामुळे डावलला जात नाही, हे खरे. परंतु दोघांचे मत जुळेपर्यंत विद्यापीठ प्रभारी कुलगुरूंच्या हाती राहते. दीर्घकालीन निर्णय मग पुढे ढकलले जातात आणि रिक्त पदांवरील अध्यापन अतिथी अध्यापकांवर सोपवले जाते. कोलारच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांसाठी आता राजधानी गाठावी लागत नाही. त्याच्या वर्गावर कायम अध्यापक येईल की नाही, हे मात्र अजूनही पदमंजुरी देणाऱ्या बेंगळुरूतील शासनावरच अवलंबून आहे.